मुलांना कोडिंग शिकवायचंय? ठाणे-वाशी लोकलपासून सुरुवात करा

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की सोसायटीच्या फाटकावर कोडिंग क्लासची पत्रकं दिसू लागतात. घोडबंदर रोडला दिसतात, ऐरोली-घणसोलीत दिसतात, खारघरमध्येही दिसतात. मग पालकांचे दोन प्रश्न ठरलेले: क्लास कोणता लावू, आणि रोबोटचा संच कोणता घेऊ? मी आमच्या इमारतीतल्या मुलांबरोबर रविवारी लॅपटॉप घेऊन बसतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडेही येतात. माझं उत्तर असं, की पहिले दोन-तीन महिने यातलं काहीच नको. घरातला एक साधा लॅपटॉप, शेजारी बसणारा एक मोठा माणूस आणि मुलाच्या ओळखीची एखादी गोष्ट एवढ्यावर उत्तम सुरुवात होते. प्रोग्रामिंग तुम्हाला स्वतःला येत नसलं तरी चालतं.

ओळखीच्या गोष्टीवर माझा भर आहे, त्याला कारण आहे. मूल खेळ खेळून प्रोग्रामिंग शिकत नाही, खेळ बनवताना शिकतं. बनवताना चुका होणारच. खेळ अंतराळातल्या राक्षसांचा असेल तर प्रोग्राम बरोबर चाललाय की चुकलाय हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागतं. खेळ लोकलचा असेल आणि ऐरोलीनंतर पडद्यावर ‘घणसोली’ आलं, तर रबाळ्याला राहणारं मूल ताडकन म्हणतं, “माझं स्टेशन कुठे गेलं?” चूक त्याला स्वतःला दिसते, म्हणून शोधायलाही तेच निघतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच विचारावर बेतल्या आहेत.

पहिली पायरी: हॉलमधल्या फरश्या

पाच वर्षांच्या मुलापासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांनी इथूनच निघावं. लॅपटॉप बंदच ठेवा. मुलाला सांगा, “आईला सोफ्यापासून फ्रीजपर्यंत न्यायचंय. पण तिला तीनच हुकूम कळतात: एक फरशी पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ.” हुकूम चिठ्ठ्यांवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या आधी ओळीने मांडायच्या आणि त्यानंतरच चालायला लागायचं. मध्येच चिठ्ठी बदलायची नाही.

इथे मोठ्यांचं काम एकच, हुकूम तंतोतंत पाळणं. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करा. समोर टीपॉय आला तर त्याला लागून उभे राहा आणि म्हणा, “पुढे जाता येत नाही.” मुलाच्या मनातलं ओळखून बाजूने जाऊ नका. संगणक मनातलं ओळखत नाही, हे मुलाला इथेच समजतं.

जवळजवळ प्रत्येक मूल एका ठिकाणी अडतं. ते तुमच्या समोर उभं असतं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून ‘उजवीकडे वळ’ लिहितं. तुम्ही उलट्या दिशेला जाता. त्याला लगेच सांगू नका. पुन्हा चालून दाखवा, हवं तर त्याला तुमच्या जागी उभं राहू द्या. दिशा चालणाऱ्याच्या नजरेतून ठरवायची हे एकदा लक्षात आलं की पुढे पडद्यावरचं पात्र वळवताना ते गोंधळत नाही.

या खेळाचं मूळ जुनं आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला हुकुमानुसार फिरणारं ‘कासव’ आलं. मुलाने कासवाच्या जागी स्वतःला उभं करून विचार करावा, हे पॅपर्ट यांचं सांगणं होतं. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कित्येक पालकांनी शाळेच्या संगणक लॅबमध्ये ‘एफडी ५०, आरटी ९०’ टाइप करून चौकोन काढले असतील. तुम्ही त्यातले असाल तर मुलाला जरूर सांगा. आईबाबांनी हेच केलं होतं याचं त्याला फार अप्रूप वाटतं.

तीन-चार दिवसांनी फरश्यांवर चौकोन चालायला सांगा. ‘दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ’ हे चार वेळा लिहावं लागतं. चिठ्ठ्या लिहून हात दुखला की मूल आपणहून विचारतं, “नुसतं ‘चार वेळा’ लिहिलं तर चालेल का?” चालेल. हाच लूप. त्याचं नाव पुढे कळलं तरी हरकत नाही.

दुसरी पायरी: साधन आणि वय

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनिअर हे मोफत ॲप टॅबलेटवर घ्या. त्यात एकेका सूचनेचा एकेक ठोकळा असतो आणि ठोकळ्यांवर चित्रं आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही ते वापरतं. त्या वयात एवढं पुरतं. घाई करून त्याला मोठ्या मुलांच्या स्क्रॅचवर बसवू नका.

आठ वर्षं झाली की स्क्रॅच. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केलं आणि २००७ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हापासून ते मोफत आहे. ब्राउझरमध्ये चालतं आणि इंटरनेटशिवाय चालणारं ॲपही मिळतं. नेट सारखं जात असेल तर ते ॲपच उतरवून घ्या. मोबाइलवर मात्र हा खटाटोप करू नका. पडदा लहान पडतो, ठोकळे ओढताना बोट सरकतं आणि मूल कंटाळतं. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप बहुतेक वेळा पुरतो, त्याला एक साधा माऊस जोडा. टचपॅडवर ठोकळे ओढणं लहान हातांना जड जातं.

मराठी टाइपिंग आधी सुरू करून ठेवा. स्क्रॅचमध्ये संवाद, यादी, नावं सगळं देवनागरीत लिहिता येतं. फक्त आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे, देवनागरी अंकांना स्क्रॅच संख्या मानत नाही. ही बारीक गोष्ट माहीत नसेल तर संध्याकाळ वाया जाते.

तिसरी पायरी: पहिला तास

स्क्रॅच उघडलं की उजवीकडे पांढरी चौकट दिसते. ती स्टेज. तिच्यावर नारिंगी मांजर उभी असते. डावीकडे रंगीत ठोकळे असतात: हलण्याचे निळे, दिसण्या-बोलण्याचे जांभळे, सुरुवात करून देणारे पिवळे, पुन्हापुन्हा करण्याचे आणि अटींचे नारिंगी. ठोकळे मधल्या मोकळ्या जागेत ओढायचे आणि एकाखाली एक अडकवायचे.

पहिल्या तासात काहीही शिकवू नका. ‘व्हेन फ्लॅग क्लिक्ड’ हा पिवळा ठोकळा ठेवा, खाली ‘मूव्ह १० स्टेप्स’ जोडा, हिरवा झेंडा दाबा आणि माऊस मुलाच्या हातात द्या. दहाचे हजार करू दे, मांजर कडेला जाऊन अडकू दे, रंग बदलू दे. तासाच्या शेवटी एकच माहिती द्या: स्टेज ४८० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच आहे, आणि मधोमध शून्य आहे. म्हणजे डावी कड उणे २४०, उजवी अधिक २४०. ऋण संख्या शाळेत अजून आल्या नसतील तरी मुलं त्या इथे सहज वापरतात.

यूट्यूबवरचे ‘हे असं जोडा, आता ते तसं जोडा’ छापाचे व्हिडिओ सुरुवातीला टाळा, असं माझं ठाम मत आहे. त्यातून चालणारा खेळ हाती येतो, पण मुलाने कशाचाच निर्णय घेतलेला नसतो.

चौथी पायरी: ‘पुढील स्टेशन…’

आता खरं काम. ट्रान्स-हार्बर मार्गावरची लोकल आणि तिची घोषणा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत वाढणाऱ्या मुलाला यातलं सगळं तोंडपाठ असतं, त्यामुळे पूर्ण लक्ष प्रोग्रामवर राहतं.

ठोकळ्यांच्या ‘व्हेरिएबल्स’ गटात जाऊन ‘मेक अ लिस्ट’ दाबा आणि यादीला ‘स्टेशनं’ नाव द्या. मुलाला ओळीने भरू द्या: ठाणे, दिघे गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. दिघे गाव हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आजीआजोबांच्या यादीत ते बहुधा नसेल. त्यांना शेजारी बसवा, वाद होऊ द्या. मग यादीत मध्येच नवं नाव घुसवलं की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकतात, हे मूल डोळ्यांनी बघतं.

यानंतर ‘क्रमांक’ नावाचं एक व्हेरिएबल करा. व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली अशी जागा जिच्यात एक किंमत राहते आणि बदलता येते. आता ठोकळे असे लावायचे: झेंडा दाबल्यावर ‘क्रमांक’ १ कर. मग ‘रिपीट अनटिल’ (अट पूर्ण होईपर्यंत फिरणारा लूप) घ्या आणि त्याच्या अटीत ‘क्रमांक हा यादीच्या लांबीपेक्षा मोठा’ हे बसवा. लूपच्या पोटात दोन गोष्टी: ‘पुढील स्टेशन’ आणि यादीतलं त्या क्रमांकाचं नाव ‘जॉइन’ने जोडून दोन सेकंद बोल, मग ‘क्रमांक’ १ ने वाढव.

झेंडा दाबा. मांजर म्हणेल, “पुढील स्टेशन ठाणे.” गाडी ठाण्याहूनच निघाली आहे, मग पुढील स्टेशन ठाणे कसं? प्रोग्राम अडखळला नाही, लाल खूण आली नाही, तरी तो चूक आहे. या प्रकारची चूक सगळ्यांत शिकवणारी असते आणि ती पकडायला मुलाला कुणाची गरज लागत नाही. कुणी यादीतून ठाणे काढून टाकतं, कुणी ‘क्रमांक’ची सुरुवात २ पासून करतं. दोन्ही उपाय चालतात. मुलाला विचारा, “परतीची गाडी करायची झाली तर यातला कुठला उपाय सोयीचा?” उत्तर सुचायला वेळ लागला तर लागू द्या.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे ‘१ ने वाढव’ हा ठोकळा राहून जाणं. मग गाडी कायम दिघे गावालाच येत राहते. मुलं हसतात, आणि लूपमध्ये काय बदलतंय याकडे बघायची सवय त्यांना तिथेच लागते.

हे जमलं की फाटा. तुर्भ्याला मार्ग दोन दिशांना जातो. एक सानपाडा-वाशीकडे, दुसरा जुईनगर, नेरूळ करत बेलापूर, खारघर आणि पनवेलकडे. ‘नाही तर’ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. सुरुवातीला ‘आस्क अँड वेट’ने विचारा: “वाशीसाठी 1, पनवेलसाठी 2.” नाव टाइप करायला लावू नका. ‘वाशी’च्या मागे चुकून एक मोकळी जागा पडली तरी संगणकाला ते वेगळं वाटतं. मग ‘इफ-एल्स’: उत्तर १ असेल तर यादीत सानपाडा आणि वाशी घाल, नाही तर जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे, सीबीडी बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल घाल. आधी भरलेली सानपाडा आणि वाशी ही नावं यादीतून काढायला विसरू नका.

पहिल्यांदा झकास चालतं. दुसऱ्यांदा झेंडा दाबला की वाशीनंतर पुन्हा सानपाडा येतं. तिसऱ्यांदा आणखी लांबतं. कारण स्क्रॅचमधली यादी खेळ थांबल्यावर आपोआप रिकामी होत नाही, मागच्या वेळी घातलेली नावं तशीच राहतात. उपाय म्हणजे झेंड्याखाली सगळ्यात आधी ‘डिलीट ऑल’ आणि मग तुर्भ्यापर्यंतची नावं पुन्हा घालणं. हा उपाय कृपा करून तुम्ही सांगू नका. स्टेजवर यादी उघडी दिसते. मुलाला तिच्याकडे बघत दोनदा झेंडा दाबायला सांगा, एवढीच मदत.

शेवटी आवाज. ‘साऊंड्स’मध्ये जाऊन मुलाने प्रत्येक स्टेशनचं नाव स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करावं. हे नक्की करा. स्वतःच्या आवाजातली “पुढील स्टेशन, कोपरखैरणे” ऐकून घरातल्या सगळ्यांना बोलावून आणणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं त्यासाठीच मी हा उद्योग करतो.

पाचवी पायरी: घोषणेचा खेळ करा

अजून हा खेळ झालेला नाही, कारण खेळणाऱ्याला करण्यासारखं काहीच नाही. म्हणून मोटरमनचं काम द्या: फलाटावरच्या खुणेपाशी गाडी थांबवायची.

मुलाला गाडीचं चित्र काढू द्या. गाडी एक्स (म्हणजे डावी-उजवीकडची जागा) उणे २०० वर ठेवा, थांब्याची खूण अधिक १५० वर. ‘वेग’ नावाचं व्हेरिएबल, सुरुवातीला ४. ‘फॉरेव्हर’ म्हणजे न थांबणाऱ्या लूपमध्ये एक्स ‘वेग’ने बदलत राहायचा. स्पेसबार दाबलेला असेल तर ‘वेग’ ०.१ ने कमी. ‘वेग’ शून्याखाली गेला तर शून्य. एवढ्या ठोकळ्यांत ब्रेक लागतो. शेवटची अट विसरली तर गाडी थांबून उलटी ठाण्याकडे निघते. तेही एकदा होऊ द्या. गाडी थांबली की तिचा एक्स आणि १५० यांतला फरक बघायचा. दहाच्या आत असेल तर पूर्ण गुण, नाही तर फलाट चुकला.

आता मुलाला वहीत एक तक्ता करायला लावा. ‘वेग’ ४ असताना ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती ठिपके गेली? साधारण ८० येतील. ‘वेग’ ८ केल्यावर बहुतेक मुलं १६० सांगतात. पडद्यावर जवळजवळ ३२० येतात. वेग दुप्पट, थांबायचं अंतर चौपट. घोडबंदर रोडवर गाडीसमोरून पळत रस्ता का ओलांडायचा नाही, हे यानंतर मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. भौतिकशास्त्रात हे सूत्र पुढे येईल तेव्हा त्याने ते आधीच मोजलेलं असेल.

लोकलचा विषय एखाद्या मुलाला आवडत नसेल तर बदला, जबरदस्ती नको. ठाण्याच्या मुलांना दहीहंडीचा खेळ सुचतो: थरावर थर चढवायचे, प्रत्येक थराला तोल सांभाळणं अवघड होत जातं. ऐरोली-नेरूळच्या मुलांना फ्लेमिंगो जवळचे. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एका फ्लेमिंगोचा थवा करायचा तर प्रती काढणारा ‘क्लोन’ ठोकळा लागतो, म्हणजे विषय पुन्हा प्रोग्रामिंगकडेच येतो. सापशिडीही छान. फासा म्हणजे ‘पिक रँडम १ टू ६’, आणि बाकी सगळी गंमत ओळ संपली की दिशा उलटी करण्यात आहे.

शेजारी बसणाऱ्याने काय करावं

माऊसला हात लावू नये. सगळ्यांत अवघड नियम हाच आहे, विशेषतः स्वतः आयटीत असलेल्या पालकांना. मूल अडलं की विचारा, “काय व्हायला हवं होतं? काय झालं?” मग म्हणा, “ठोकळे वरून खाली मला वाचून दाखव.” वाचता वाचता निम्म्या चुका त्यालाच दिसतात. तरी नाही दिसल्या तर अर्धे ठोकळे बाजूला काढून ठेवायला सांगा आणि उरलेले चालवा. व्यवसायाने प्रोग्रामिंग करणारेही चूक अशीच शोधतात.

पाऊण तास झाला की उठा, भले खेळ अर्धवट असो. आठवड्यातून दोनदा पुरेसं आहे. शाळेतून आणि क्लासमधून दमून आलेल्या मुलाला रात्री नऊला हे करायला बसवू नका. आणि शक्य असेल तर दोन मुलांना एका लॅपटॉपवर बसवा. एकाकडे माऊस, दुसऱ्याने सांगायचं, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. एकट्यापेक्षा दोघं कितीतरी जास्त बोलतात, आणि बोलताना विचार स्पष्ट होतो.

मुलगी असेल तर आणखी एक. आमच्याकडे सुरुवातीला मुलगे माऊस घेऊन बसायचे आणि मुली मागे उभ्या राहायच्या. घड्याळ लावून अदलाबदल ठरवल्यावर हे थांबलं. मोठ्यांनी लक्ष ठेवलं नाही तर अशी अदलाबदल आपोआप होत नाही.

सहावी पायरी: खेळणी, आता

स्क्रॅचमध्ये स्वतःचे तीन-चार खेळ झाले, मूल ‘इफ’ आणि लूप न विचारता वापरू लागलं, की हातात धरायची वस्तू आणण्यात अर्थ आहे. आधी आणली तर ती पंधरा दिवसांत कपाटात जाते.

माझी पसंती मायक्रोबिटला. बीबीसीच्या पुढाकाराने बनलेला हा छोटा बोर्ड २०१६ साली ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना फुकट वाटला गेला. तळहातावर मावतो. वर पाच बाय पाच दिव्यांची जाळी, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि मायक्रोफोनही आले. दोन ट्रिपल ए सेलवर चालतो, त्यामुळे विजेचा धोका नाही. त्याचं मेककोड हे साधन ब्राउझरमध्ये मोफत उघडतं आणि त्यात पडद्यावरच एक खोटा मायक्रोबिट असतो. बोर्ड विकत घेण्याआधी महिनाभर त्यावर काम करा. मुलाचा उत्साह टिकला तरच पैसे खर्च करा.

पहिला प्रकल्प बाल्कनीतल्या तुळशीसाठी करा. दोन खिळे मातीत थोड्या अंतरावर रोवायचे, एक ३ व्होल्टच्या पिनला आणि दुसरा शून्य क्रमांकाच्या पिनला मगरचिमट्याच्या वायरने जोडायचा. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्यातून कमी. बोर्ड ० ते १०२३ मधला आकडा दाखवतो. कोरड्या कुंडीत किती येतो, पाणी घातल्यावर किती, हे मुलाने लिहून ठेवावं आणि मधला आकडा उंबरठा म्हणून निवडावा. त्याखाली गेलं की रडका चेहरा. सतत वीज सोडली तर खिळे लवकर गंजतात, म्हणून मोजून झालं की चिमटा काढून ठेवा.

दुकानात ‘कोडिंग टॉय’ लिहिलेलं खूप काही दिसेल. खोका हातात घेतला की विचारा: यात मूल स्वतः सूचना लिहू शकतं की फक्त रिमोटने गाडी पळवतं? कंपनीचं ॲप उद्या बंद पडलं तर खेळणं चालेल का? सुटा भाग हरवला तर वेगळा मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी मागा, कारण भाग हरवतातच. लेगो कंपनीने १९९८ पासून चालत आलेली माइंडस्टॉर्म्स ही रोबोट-संचांची मालिका २०२२ अखेर बंद केली. सेकंडहँड संच स्वस्तात मिळाला तर आधी त्याचं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर चालतंय याची खात्री करून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघा. घरात तान्हं मूल असेल तर बटणाएवढे गोल सेल असलेली खेळणी आणूच नका. ते गिळले गेले तर जिवावर बेततं.

वायरी, सेन्सर, मोटरी सुट्या हव्या असतील तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची. मुलाला बरोबर न्या. यादी त्याने लिहावी, दुकानदाराला त्यानेच विचारावं.

ज्या खेळांचं वेड आधीच आहे

मायनक्राफ्ट आणि रोब्लॉक्स खेळणारी मुलं जवळपास प्रत्येक मजल्यावर आहेत. मायनक्राफ्टची शिक्षणासाठी वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात ‘एजंट’ नावाच्या छोट्या रोबोटला ठोकळ्यांनी किंवा पायथनने हुकूम देता येतात. भिंत हाताने बांधण्याऐवजी लूपने बांधली की मुलांचे डोळे चमकतात. शाळेकडे तिची व्यवस्था आहे का, ते विचारा. रोब्लॉक्समध्ये खेळ बनवायचं साधन संगणकावरच चालतं आणि त्यातली भाषा लुआवर आधारलेली आहे. बारा-तेरा वर्षांनंतर ठीक. मात्र तिथे अनोळखी लोकांशी गप्पा आणि पैसे खर्च करायच्या सोयी दोन्ही आहेत. पालकांचं नियंत्रण आधी सुरू करा, कार्डचा तपशील जोडून ठेवू नका, आणि खेळणं व बनवणं यांच्या वेळा वेगळ्या ठेवा.

क्लास लावायचाच असेल तर

आधी शाळेत चौकशी करा. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत देशभरात दहा हजार शाळांमध्ये सहावी ते बारावीसाठी टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः करून बघायच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या. तुमच्या मुलाच्या शाळेत असेल तर तिथे मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर आधीच आहेत. नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. पालकसभेत विचारा, लॅब आठवड्यातून किती वेळ उघडी असते? विचारणारे पालक वाढले की लॅबची किल्लीही जास्त वेळा निघते.

खासगी क्लासमध्ये एकदा मागे बसून बघा. सगळ्या मुलांच्या पडद्यावर एकच खेळ दिसत असेल तर तिथून निघा. वर्षाची फी एकदम मागत असतील, ‘आज भरलं तर सवलत’ म्हणत असतील, सात वर्षांच्या मुलाला नोकरीची आमिषं दाखवत असतील, तर घरी येऊन स्क्रॅच उघडा. चांगला शिक्षक मुलाला “तू काय बनवतोयस?” असं विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतो. असा कुणी भेटला तर जरूर लावा.

शेवटची पायरी: खेळ दुसऱ्यांना खेळायला देणं

स्क्रॅचच्या संकेतस्थळावर खातं उघडलं तर खेळ इतरांना दाखवता येतो. खातं पालकांच्या ईमेलने उघडा. वापरनावात खरं नाव, आडनाव, शाळा, सोसायटी काहीही नको. फोटोऐवजी चित्र ठेवा. ईमेलची खात्री केल्याशिवाय खेळ शेअर होत नाही, तेवढं करून घ्या. आवाज रेकॉर्ड केला असेल तर त्यात मुलाने स्वतःचं नाव घेतलेलं नाही ना, हे शेअर करण्याआधी ऐका. प्रतिक्रिया नको असतील तर त्या प्रत्येक प्रकल्पासाठी बंद करता येतात.

दुसऱ्याचा खेळ आवडला तर ‘सी इनसाइड’ दाबून त्याचे ठोकळे बघायचे आणि ‘रीमिक्स’ करून बदल करायचे. मूळ बनवणाऱ्याचं नाव तिथे आपोआप राहतं. कल्याणच्या मावसभावाने तुमच्या मुलाची गाडी रीमिक्स करून कल्याण-सीएसएमटी केली तर त्याचा राग नको, त्याने कुठे काय बदललं ते दोघांनी मिळून बघावं. खातं उघडायचंच नसेल तर ‘सेव्ह टू युवर कॉम्प्युटर’ने फाइल उतरवा आणि पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने मावशीकडे पाठवा. तिच्या लॅपटॉपवर स्क्रॅच उघडून ती फाइल लोड केली की गाडी ठाण्याहून सुटते.